हत्तीपाय : कृमी सापडला, पाय मागे राहिला

१/
१८७७ साली चीनच्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन या स्कॉटिश डॉक्टरने डासाच्या शरीरात एक सूक्ष्म कृमी वाढताना पाहिला. माणसाच्या रोगाशी डासाचा संबंध प्रत्यक्ष निरीक्षणातून जोडणारा हा पहिला मोठा दुवा. उष्णकटिबंधीय वैद्यकाचा इतिहास बहुतेक वेळा याच क्षणापासून सांगितला जातो. मात्र ज्या रोगाचा हा कृमी होता, त्या रोगाने सुजलेल्या पायाला या शोधातून काय मिळाले? जवळजवळ शंभर वर्षे फारसे काही नाही. हा धागा त्या सुजलेल्या पायाविषयी आहे.

२/
प्रथम रोग समजून घेऊ. हृदय रक्त ढकलते तेव्हा केशवाहिन्यांतून थोडा द्रव बाहेर झिरपतो. त्यातला काही भाग ऊतींमध्ये उरतो आणि तो परत आणण्याचे काम लसीकावाहिन्या करतात. या वाहिन्यांना हृदयासारखा पंप नाही. त्यांचे स्वतःचे हलके आकुंचन, आतल्या झडपा आणि आजूबाजूच्या स्नायूंची हालचाल यांवरच त्यांचा प्रवाह चालतो. हा मार्ग बिघडला की प्रथिनयुक्त द्रव साचत जातो, त्वचा जाड आणि कठीण होते. याला वैद्यक ‘लिम्फेडीमा’ म्हणते. त्याचे सर्वात उग्र रूप म्हणजे हत्तीपाय.

३/
कारणे अनेक आहेत. डासांमार्फत पसरणारा हत्तीरोगाचा कृमी हे जगातले एक प्रमुख कारण. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढल्यावर हात सुजतो, तोही लिम्फेडीमाच. काहींना तो जन्मतः असतो. इथिओपियाच्या डोंगराळ भागात ज्वालामुखीच्या लाल मातीत अनवाणी शेती करणाऱ्यांचे पाय कोणत्याही कृमीविना हत्तीसारखे होतात. कारण कोणतेही असो, बिघडलेल्या वाहिन्या सहसा पूर्ववत होत नाहीत. म्हणून या रोगात ‘बरे करणे’ याहून ‘सांभाळणे’ हा शब्द अधिक नेमका आहे. हा शब्द वैद्यकाच्या पचनी पडायलाच फार वेळ लागला.

४/
भारतीय ग्रंथांत या रोगाचे नाव श्लीपद. सुश्रुतसंहितेत त्याचे निदान आणि चिकित्सा यांवर स्वतंत्र विवेचन आहे. जिथे जुने पाणी साचून राहते आणि जे प्रदेश सर्व ऋतूंत थंड असतात, तिथे श्लीपद विशेषकरून होते, असे निरीक्षण त्यात आढळते. डास आणि साचलेले पाणी यांचे नाते ठाऊक असलेल्या आजच्या वाचकाला हे वाक्य थबकवते. मात्र त्यातून ‘सुश्रुताला डास माहीत होता’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे. त्याने भूगोल अचूक टिपला होता, कारण नव्हे.

५/
त्याच ग्रंथात दुसरे एक निरीक्षण आहे, ज्याकडे कमी लक्ष जाते. वारुळासारखे वाढलेले आणि वर्षाहून जुने झालेले श्लीपद सोडून द्यावे, असे वैद्याला सांगितले आहे. आरंभीच्या अवस्थेत शिरावेध, लेप, स्वेदन असे उपचार आहेत, पण रोग जुना झाल्यावर वैद्याने हात आखडता घ्यावा. असाध्य रोग टाळणे ही त्या काळातील वैद्यकनीती होती. परंतु रुग्ण मात्र वर्षभरानंतरही जगत होता, पुढे वीस-तीस वर्षे जगत होता. त्या वर्षांत त्याच्या पायाचे काय करायचे, हा प्रश्न ग्रंथाबाहेर राहिला.

६/
पश्चिमेत गोंधळ नावापासूनच होता. ग्रीक वैद्य ज्याला ‘एलिफंटायसिस’ म्हणत तो रोग म्हणजे बहुतांशी कुष्ठरोग. अरबी वैद्य पायाच्या सुजेला ‘दा-अल-फील’, म्हणजे हत्तीचा रोग, म्हणत. मध्ययुगात अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये उतरले तेव्हा दोन्ही रोग एकाच नावाखाली आले. पुढे कित्येक शतके वैद्यांना ‘ग्रीकांचा एलिफंटायसिस’ आणि ‘अरबांचा एलिफंटायसिस’ असा भेद करावा लागला. या सरमिसळीमुळे कुष्ठरोगाला चिकटलेली बहिष्काराची सावली सुजलेल्या पायावरही पडली.

७/
शापाची कल्पनाही फार दूरची नाही. डच प्रवासी यान हाउखेन व्हान लिन्स्कोटेन १५८३ ते १५८८ या काळात पोर्तुगीज गोव्यात आर्चबिशपच्या सेवेत होता. १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात गुडघ्याखाली हत्तीच्या पायाइतका जाड पाय असलेल्या लोकांचे वर्णन येते. सेंट थॉमसची हत्या करणाऱ्यांचे हे वंशज, अशी लोकसमजूतही तो नोंदवतो. रोगाच्या आरंभीच्या स्पष्ट युरोपीय वर्णनांत याची गणना होते. लक्षण अचूक आणि कारण पाप, अशी ही नोंद.

८/
शरीरशास्त्र मात्र पुढे सरकत होते. १६२२ मध्ये इटलीत गास्पारे आसेल्ली याने नुकतेच भरपेट खाल्लेल्या कुत्र्याचे पोट उघडले, तेव्हा आतड्यांलगत पांढऱ्या, दुधाळ शिरांचे जाळे त्याला दिसले. १६५० च्या दशकाच्या आरंभी स्वीडनचा ओलोफ रुडबेक आणि डेन्मार्कचा थॉमस बार्थोलिन यांनी लसीकावाहिन्यांचे जाळे शरीरभर आहे हे दाखवले. पहिला कोण, यावरून दोघांत कडवा वादही झाला. वाहिन्या सापडल्या, पण सुजलेल्या पायावर उपचार म्हणून पुढची दोन शतके प्रामुख्याने सुरीच चालली.

९/
ती सुरी काय होती, हे १८३१ च्या लंडनमध्ये दिसले. कँटनहून आलेल्या हू लू नावाच्या तरुणाच्या जांघेपाशी प्रचंड गाठ होती. ती बहुधा अंडकोषाचा हत्तीरोगच असावी. एप्रिल महिन्यात गाइज हॉस्पिटलमध्ये अ‍ॅस्टन की या शल्यविशारदाने तुडुंब गर्दीसमोर ती कापायला घेतली. भूल अजून अस्तित्वात यायची होती. शस्त्रक्रिया सुमारे पावणेदोन तास चालली. ५६ पौंडांची गाठ निघाली आणि हू लू मेजावरच मरण पावला.

१०/
पुढचा अध्याय बंगालमधला. १८४५ मध्ये हुगळी येथे जेम्स एस्डेल या कंपनीच्या शल्यविशारदाने रुग्णांना संमोहनसदृश ‘मेस्मेरिझम’ने निद्रिस्त करून शस्त्रक्रिया सुरू केल्या. त्याच्या रुग्णांत अंडकोषाच्या हत्तीरोगाचे लोक मोठ्या संख्येने होते. वेदना होत नाहीत आणि मृत्यूही पूर्वीपेक्षा बरेच कमी होतात, असा त्याचा दावा होता. १८४६ मध्ये कलकत्त्यात त्यासाठी स्वतंत्र रुग्णालयही निघाले. त्याच वर्षी अमेरिकेत ईथर आले, पुढच्या वर्षी क्लोरोफॉर्म, आणि मेस्मेरिझम मागे पडले. भूल मिळाल्यावर सुरी अधिक धीट झाली.

११/
इथे इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एक धडा आहे. पायाची सगळी सुजलेली त्वचा आणि खालची ऊती काढून वर त्वचारोपण करण्याची शस्त्रक्रिया ‘चार्ल्स शस्त्रक्रिया’ म्हणून पाठ्यपुस्तकांत रूढ आहे. हे नाव कलकत्ता मेडिकल कॉलेजातील सर हॅवलॉक चार्ल्स यांच्यावरून पडले. पुढे मूळ लेखन तपासले गेले तेव्हा लक्षात आले की चार्ल्स यांनी वर्णन केले होते ते प्रामुख्याने अंडकोषाच्या हत्तीरोगावरील शस्त्रक्रियेचे. पायावरील शस्त्रक्रियेचे श्रेय १९५० च्या सुमारास चुकून त्यांच्या नावावर गेले. एकाने चुकीचा संदर्भ दिला आणि पुढच्यांनी मूळ न पाहता तो उतरवून घेतला.

१२/
आता कृमीकडे. १८६३ मध्ये पॅरिसला देमार्के याने क्यूबाहून आलेल्या रुग्णाच्या अंडवृद्धीच्या पाण्यात सूक्ष्म अळ्या पाहिल्या. १८६६ मध्ये ब्राझीलच्या बाहिया येथे वूखेरर याला त्या दुधाळ लघवीत दिसल्या. १८७२ मध्ये कलकत्त्यात टिमोथी लुइसने त्या माणसाच्या रक्तात दाखवल्या. १८७६ मध्ये ब्रिस्बेनला जोसेफ बँक्रॉफ्टला प्रौढ कृमी सापडला. म्हणूनच त्याचे आजचे नाव ‘वुचेरेरिया बँक्रॉफ्टी’. चार खंड, चार शहरे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकच धागा.

१३/
मॅन्सनने या मालिकेत डास जोडला. ज्यांच्या रक्तात अळ्या होत्या अशा आपल्या माळ्याला, हिन लो याला, त्याने डासांच्या खोलीत झोपवले आणि सकाळी रक्त प्यायलेले डास तपासले. अळ्या रक्तात रात्री येतात आणि दिवसा नाहीशा होतात, हेही त्याने दाखवले. लंडनमध्ये याची थट्टाही झाली. पण एका बाबतीत मॅन्सनही चुकला होता. अळ्या पडलेले पाणी पिऊन रोग होतो, असे त्याला वाटत असे. १९०० मध्ये जॉर्ज कार्मायकेल लो याने डासाच्या सोंडेत अळ्या दाखवल्या आणि चक्र पूर्ण झाले.

१४/
या शोधाने हत्तीरोग टाळण्याचा मार्ग खुला केला, ही त्याची खरी थोरवी. मात्र ज्याचा पाय आधीच सुजला आहे त्याच्यासाठी काहीच बदलले नाही. रुग्णाचे शरीर आता दोन गोष्टींसाठी महत्त्वाचे उरले होते : रक्ताचा थेंब प्रयोगशाळेसाठी आणि गाठ शल्यकक्षासाठी. खुद्द मॅन्सन अमॉयमध्ये हत्तीरोगाच्या गाठी कापत होता. कापता न येणारा पाय घेऊन रुग्ण घरी परतत होता.

१५/
आणि तरीही उत्तर छापून झाले होते. १८९२ मध्ये अलेक्झांडर फॉन विनिवार्टर या ऑस्ट्रियन शल्यविशारदाने एलिफंटायसिसवर जर्मन भाषेत सविस्तर ग्रंथ लिहिला. तो बेल्जियमच्या लिएज येथे प्राध्यापक होता. त्याचा उपचार असा होता : त्वचा स्वच्छ ठेवा, पाय उंचावर ठेवा, पट्ट्यांनी दाब द्या, हलक्या हाताने मर्दन करा, हालचाल करा. आजचा उपचार याच पायऱ्यांवर उभा आहे. पण त्यानंतर कित्येक दशके या पद्धतीकडे दुर्लक्ष झाले. शल्यविशारदाने सुरीविना सुचवलेला उपाय शल्यविशारदांनाच भावला नाही.

१६/
त्याऐवजी काय झाले? १९०८ मध्ये लंडनच्या सॅम्पसन हँडली याने स्तनाच्या कर्करोगानंतर सुजलेल्या हातांत त्वचेखाली रेशमी धागे घातले. धाग्यांच्या कडेने द्रव वाहून जाईल, ही कल्पना देखणी होती. आरंभी सूज उतरली, पण परिणाम टिकला नाही. १९१२ मध्ये अथेन्सच्या कोंडोलेऑन याने खोलवरच्या पडद्याचा भाग कापून द्रवाला नवी वाट देऊ पाहिली. तोही मार्ग फारसा लाभदायक ठरला नाही. या काळात उपचाराची कल्पना म्हणजे शरीरात नवा मार्ग खणणे, एवढीच होती.

१७/
विस्मृतीत गेलेले मर्दन परत आले ते वैद्यकाच्या बाहेरून. १९३० च्या दशकात एमिल व्होडर आणि एस्ट्रिड व्होडर हे डॅनिश दांपत्य फ्रान्सच्या कान शहरात काम करत होते. सतत सर्दी आणि मानेच्या गाठी सुजलेल्या रुग्णांवर त्यांनी अतिशय हलक्या, वर्तुळाकार स्पर्शाचे मर्दन सुरू केले. १९३६ मध्ये पॅरिसला त्याची जाहीर मांडणी झाली. व्होडर वैद्य नव्हते, त्यामुळे डॉक्टरांनी दीर्घकाळ संशयाने पाहिले. पुढे मिहाली आणि एटेल्का फ्योल्डी या हंगेरियन वैद्य दांपत्याने जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये मर्दन, दाबपट्टी, व्यायाम आणि त्वचेची निगा यांची एकत्र सांगड घातली. १९८० च्या दशकापर्यंत ही पद्धत युरोपात प्रमाण मानली जाऊ लागली.

१८/
ही पद्धत उपयुक्त असली तरी खर्चिक होती. प्रशिक्षित हात, आठवडेच्या आठवडे उपचार, महागड्या पट्ट्या. जिथे हत्तीरोगाचे बहुसंख्य रुग्ण होते, तिथे यातले काहीच पोचणार नव्हते. त्या प्रदेशांची भिस्त एका गोळीवर होती. १९४७ मध्ये अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेतून डायइथाइलकार्बामाझिन हे औषध पुढे आले. भारतात ‘हेट्राझन’ म्हणून परिचित झालेल्या या औषधामागील संशोधनाचे नेतृत्व आंध्रातून गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते. आजही हत्तीरोगाच्या गोळ्यांत याला स्थान आहे.

१९/
१९५५ मध्ये भारताने राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. गोळ्यांमुळे ताप, मळमळ होते म्हणून लोक त्या नाकारू लागले, तेव्हा भर डासांच्या अळ्या मारण्यावर आला. विदर्भात नागपूर, वर्धा, चंद्रपूर, भंडारा, गडचिरोली या पट्ट्यात हत्तीरोग नियंत्रण पथके आणि रात्रचिकित्सालये ओळखीची झाली. रात्री दार ठोठावून बोटातून रक्ताचा थेंब घेणारा कर्मचारी म्हणजे मॅन्सनच्या शोधाचा थेट वारस. मात्र रक्तात अळ्या नसलेला, वीस वर्षे पाय ओढत चालणारा रुग्ण या मोजणीत फारसा बसत नव्हता. गोळीने अळ्या मरत होत्या, पाय उतरत नव्हता.

२०/
मग पाय वाढतो कशामुळे? हा साधा प्रश्न गांभीर्याने विचारला गेला तो १९८०-९० च्या दशकांत, ब्राझीलच्या रेसिफी शहरात. जेरूझा ड्रेयर आणि सहकाऱ्यांनी अल्ट्रासाउंडवर जिवंत कृमी वाहिन्यांत वळवळताना पाहिले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रुग्णांना वारंवार येणाऱ्या आजारपणाकडे त्यांनी लक्ष दिले. थंडी वाजून ताप भरतो, पाय लाल होऊन ठणकतो, जांघेत अवधाण येते, आठवडाभर काम बंद पडते. हे झटके बहुतेक वेळा कृमीमुळे नव्हे, तर बोटांच्या बेचक्यांतल्या भेगांतून शिरणाऱ्या जिवाणूंमुळे येतात, असे दिसून आले.

२१/
यामुळे संपूर्ण चित्र बदलले. कृमी वाहिन्या बिघडवतो. साचलेल्या द्रवात जिवाणूंना आयते घर मिळते. प्रत्येक झटका उरलेल्या वाहिन्यांचा आणखी नाश करतो आणि पाय एक पायरी वर चढतो. म्हणजे झटके थांबवले तर पायाची वाढ रोखता येते. आणि झटके थांबवण्यासाठी लागते काय? स्वच्छ पाणी, साधा साबण, बेचक्या कोरड्या करायला मऊ फडके, भेगांवर मलम, बसताना पाय उंच, घोट्याची हालचाल आणि पायात चप्पल. ज्याला हाताने बोटे पुसता येत नाहीत, त्याच्यासाठी कापडाची वात बेचकीतून ओढायची. विनिवार्टरची यादी शंभर वर्षांनी न्हाणीघरात पोचली.

२२/
रेसिफीत रुग्णांचे ‘आशा क्लब’ निघाले. तिथे रुग्ण एकमेकांना पाय धुणे शिकवत. हैतीतील लेओगान येथेही १९९० च्या दशकात असेच काम उभे राहिले. पायाचा घेर फार कमी न होताही लोक परत येत होते, कारण ताप थांबला होता, वास गेला होता आणि शेजारी पुन्हा जवळ बसू लागले होते. केरळमधील कासरगोड येथील संस्थेने साबणाने धुणे, औषधी वनस्पतींच्या पाण्यात पाय भिजवणे, श्वसन आणि योग, मर्दन आणि दाबपट्टी यांची जोड घालून ग्रामीण कुटुंबांना परवडेल अशी पद्धत बसवली. तिथे रुग्णाबरोबर घरातल्या माणसालाही शिकवले जाते.

२३/
१९९७ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने हत्तीरोग निर्मूलनाचा ठराव केला आणि २००० मध्ये जागतिक कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा सुमारे १२ कोटी लोक संसर्गित आणि सुमारे ४ कोटी लोक विकृती वा अपंगत्वाने ग्रस्त असल्याचा अंदाज होता. कार्यक्रमाला दोन खांब देण्यात आले : सामुदायिक औषधोपचार आणि रुग्णांची निगा. पहिला खांब लवकर उभा राहिला. गोळ्यांची संख्या मोजता येते. तीन औषधांचा एकत्रित डोस भारतात आला तेव्हा सुरुवातीच्या मोजक्या जिल्ह्यांत नागपूरही होता. दुसरा खांब दीर्घकाळ ठेंगणा राहिला, कारण धुतलेल्या पायाची नोंद ठेवणे अवघड असते.

२४/
मग प्रश्न उरतो : इतके साधे उत्तर इतके उशिरा का? वैद्यकाचे मापदंड एक कारण आहे. शोध म्हणजे कारण सापडणे, यश म्हणजे रोग नाहीसा होणे. ज्या रोगात कारण काढूनही पाय तसाच राहतो, तिथे रोजची निगा हे ‘यश’ वाटत नाही. दुसरे कारण सत्तेचे. वसाहतींच्या वैद्यकाला संसर्गाची साखळी तोडण्यात रस होता. आधीच लंगडणारा शेतकरी त्या हिशेबात नव्हता. आणि तिसरे कारण साधनांचे. कृमीचा इतिहास शोधनिबंधांत मिळतो. पण कुणाचा पाय रोज कोण धुत होते, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

२५/
म्हणून हत्तीरोगाचा इतिहास वाचताना दोन कालरेषा वेगळ्या धराव्यात. एक कृमीची : १८६३, १८७७, १९००, १९४७. दुसरी पायाची : १८९२, १९३६, आणि मग १९९० चे दशक. पहिली रेषा वेगाने पुढे गेली म्हणून रोग हटत आहे. दुसरी रेंगाळली, त्याची किंमत ज्यांना रोग आधीच जडला होता त्यांनी मोजली.

२६/
आज हत्तीरोगग्रस्त भागांतील आरोग्य केंद्रांतून रुग्णांना निगेचा एक संच दिला जातो. त्यात एक टब, मग, साबण, टॉवेल आणि मलम असते. त्यातील कोणत्याही वस्तूवर संशोधकाचे नाव नाही. मात्र ज्या पायाला जुन्या ग्रंथांनी वर्ज्य ठरवले, प्रवाशांनी शापित म्हटले, शल्यविशारदांनी कापले आणि प्रयोगशाळेने मागे ठेवले, त्या पायाच्या हाती शेवटी आलेली ही साधने आहेत. ती रोज वापरावी लागतात, आणि बहुतेक घरांत ती वापरणारे हात आई, पत्नी किंवा मुलीचे असतात. हत्तीपायाच्या इतिहासात त्यांचेही पान असायला हवे.

(धागा समाप्त)